खात्री वाटली, म्हणून खरं होतं?

पत्राचा सारांश: लेखिका ३६ वर्षांच्या, मूळच्या नाशिकच्या. गेली आठ वर्षं नेदरलँड्समध्ये राहतात, आयटीत नोकरी करतात. घरी नवरा आणि सात वर्षांची मुलगी. वडील निवृत्त शिक्षक आणि अंनिसचे जुने कार्यकर्ते. ‘अंगात येणं’ म्हणजे काय, हे शाळाशाळांतून समजावून सांगण्यात त्यांची हयात गेली. आई २०२१च्या मे महिन्यात कोविडनं गेली. प्रवासाच्या निर्बंधांमुळे लेखिकेला येता आलं नाही. अंत्यसंस्कार फोनवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कामाला बसल्या.

तीन महिन्यांपूर्वी ऑफिसातल्या मैत्रिणीबरोबर त्या एका शिबिराला गेल्या आणि तिथं सायलोसायबिन हे भास घडवणारं द्रव्य असलेली ट्रफल (एका मशरूमच्या जमिनीखालच्या गाठी) घेतली. ‘मी’ नावाचं काही उरलं नाही, सगळं एकच आहे आणि ते प्रेमानं भरलेलं आहे, असं त्यांना दिसलं. आई शेजारी होती. ‘मी कुठं गेले नाही गं, काळजी करू नकोस,’ म्हणाली. आयुष्यात कशाचीच इतकी खात्री वाटली नव्हती, असं त्या लिहितात. नवरा म्हणतो, हा रसायनाचा खेळ. शिबिराची मार्गदर्शक म्हणते, तुला बोलावणं आलंय. पुढच्या महिन्यात आयावास्काच्या (भास घडवणाऱ्या वनस्पतींच्या काढ्याच्या) शिबिराला ये, आणि शंका घेतेस तो तुझा अहंकार आहे. फी तीन हजार युरो. नोकरी सोडून याच कामात पडावं, असंही लेखिकेच्या मनात घोळतंय. बाबांना काहीच सांगितलेलं नाही. ‘देवळात घुमणाऱ्या बायकांमध्ये आणि माझ्यात आता काय फरक राहिला? मला दिसलं ते खरं होतं की खोटं, एवढंच सांगा.’

---

‘एवढंच सांगा’ म्हणून तुम्ही जे विचारलंत, त्याचं एका शब्दात उत्तर देणारी दोन माणसं तुमच्याजवळ आहेतच. नवऱ्याचं उत्तर ‘खोटं’, शिबिरातल्या बाईंचं ‘खरं’. उत्तरं उलटसुलट असली तरी दोघांनी धरून चाललेली गोष्ट एकच आहे: अनुभव एकतर अख्खा गिळायचा, नाहीतर अख्खा थुंकून टाकायचा. तुमच्या प्रश्नातही तेच आहे. मला ते पटत नाही. त्या दुपारी तुम्हाला जे झालं ते झालं, त्यात खोटं काही नाही. त्यावरून तुम्ही जे निष्कर्ष काढलेत ते मात्र तीन-चार वेगवेगळे आहेत, आणि खऱ्याखोट्याची परीक्षा त्यांची घ्यायची, एकेकाची स्वतंत्रपणे.

त्याआधी तब्येतीचं विचारून घेते. झोप फार कमी होऊनही थकवा जाणवत नाही, विचार थांबतच नाहीत, रस्त्यावरच्या पाट्यांत नि गाण्यांत आपल्यासाठी खास निरोप असल्यासारखं वाटतं, किंवा इतक्या दिवसांनीही भिंतीवरची नक्षी हलताना दिसते, असं काही होतंय का? आईच्या किंवा बाबांच्या घरात कुणाला स्किझोफ्रेनिया वा बायपोलर आहे का? एकाही प्रश्नाला ‘हो’ असेल तर पुढचं वाचणं बाजूला ठेवा आणि तुमच्या फॅमिली डॉक्टरकडे जा. ट्रफल घेतल्याचं लपवू नका. नेदरलँड्सनं २००८च्या डिसेंबरात मशरूमवर बंदी आणली तेव्हा जमिनीखाली वाढणाऱ्या या गाठी त्या यादीत आल्या नाहीत, त्यामुळे सांगायला भ्यायचं कारण नाही. तुमच्या पत्राचा सूर ठाकठीक वाटला, म्हणून मी पुढं लिहितेय.

आता त्या खात्रीबद्दल.

१९ एप्रिल १९४३. स्वित्झर्लंडमधलं बाझल शहर. आल्बर्ट हॉफमन या रसायनशास्त्रज्ञानं स्वतःच तयार केलेलं एलएसडी हे भास घडवणारं द्रव्य पाव मिलिग्रॅम घेतलं. एवढ्याशा मात्रेचा एवढा दणका बसेल याची त्याला कल्पना नव्हती. युद्धाचे दिवस, त्यामुळे मोटार नाही. सहायकाला बरोबर घेऊन तो सायकलवरून कसाबसा घरी पोचला. विषबाधाच झाली असं वाटून त्यानं शेजारणीकडून दूध मागवलं. दूध घेऊन आलेली ती बाई त्याला रंगीबेरंगी मुखवटा घातलेली कपटी चेटकीण दिसली. आपल्या शरीरात, मनात कुणी राक्षस शिरलाय आणि त्यानं सगळ्याचा ताबा घेतलाय, असंही त्यानं पुढं लिहून ठेवलं. रात्र सरता सरता भीती ओसरली. सकाळी बागेत गेला तर सगळी सृष्टी आत्ताच निर्माण झाल्यासारखी लखलखत होती.

एकच पदार्थ, एकच माणूस, चोवीस तासही गेलेले नाहीत. आता तुमचा नियम इथं लावून पाहा. इतकं स्पष्ट दिसलं म्हणून ते खरं, असं म्हणायचं तर बाझलच्या त्या बिचाऱ्या शेजारणीलाही चेटकीण ठरवावं लागेल. तसं कुणी करत नाही. ती कालही शेजारीण होती, उद्याही असणार आहे, आणि दूध घेऊन आलीय, एवढं आपल्याला पुरतं. मग बागेला वेगळा न्याय कसा लावायचा? भयंकर दिसलं तो औषधाचा परिणाम आणि सुंदर दिसलं ते अंतिम सत्य, ही वाटणी या क्षेत्रात सर्रास चालते. तुमच्या शिबिरात कुणाला भीतीदायक काही दिसलं असेल, तर त्याला नक्की सांगितलं गेलं असणार की ते तुझ्या मनातलं साचलेलं होतं, बाहेर पडलं. तुमचं मात्र विश्वाचं दर्शन!

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स यांनी १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत अशा अनुभवांची चार लक्षणं सांगितली होती. ते शब्दांत मावत नाहीत. फार वेळ टिकत नाहीत. आपण काही करत नसून आपल्यावर काही होतंय असं वाटतं. आणि त्यात काहीतरी कळल्याची, उलगडल्याची जबरदस्त भावना असते. हे शेवटचं नीट पाहा. खात्री ही त्या अनुभवाबद्दल बाहेरून कुणी दिलेली साक्ष नाही. ती अनुभवाच्या आतलीच एक गोष्ट आहे. रंग गडद होतात, वेळेचं भान जातं, तशी खात्रीही दाटून येते. जेम्स स्वतः नायट्रस ऑक्साइड हुंगून बसले होते. विश्वाचं कोडं सुटल्यासारखं वाटून त्यांनी त्या अवस्थेत पानंच्या पानं लिहिली आणि शुद्धीवर येऊन वाचली तर निव्वळ बडबड. हेही त्यांनी छापलं, हा त्यांचा मोठेपणा. तरी त्यांनी या अवस्था उडवून लावल्या नाहीत. त्यांचा निवाडा असा की ज्याला अनुभव आला त्याच्यापुरता त्याचा अधिकार चालतो आणि चालावा, पण बाहेरच्यांनी तो न तपासता मान्य करावा असं बंधन नाही. मी त्याला एवढीच पुस्ती जोडेन: तीन महिन्यांनंतरच्या तुम्हीही आता त्या दुपारच्या तुमच्या दृष्टीनं बाहेरच्याच आहात. तपासायचा हक्क तुम्हालाही आहे.

खात्री आणि खरेपणा यांची फारकत होते, याचं मला सगळ्यात बोलकं वाटणारं उदाहरण नशेतलं नाही. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञानं १९२३ साली एक विकार नोंदवला. रुग्ण आपल्या घरच्या माणसाकडे पाहतो, नाकडोळे तेच, आवाज तोच, हे सगळं कबूल करतो आणि तरी म्हणतो की हे माझं माणूस नाही, कुणी तोतया आणून बसवलाय. यामागचं एक स्पष्टीकरण असं दिलं जातं की चेहरा ओळखीचा वाटतो, पण ओळखीबरोबर आत जी आपुलकी हलायला हवी ती हलत नाही. आणि ती हलली नाही की डोळ्यांवरचाही भरवसा उडतो. ‘हे आपलं’, ‘हे खरं’ या जाणिवा मेंदू वेगळ्या घडवतो आणि दिसणाऱ्या गोष्टीला जोडतो. जोडणी तुटू शकते, तशी ती ऊतूही जाऊ शकते.

इथवर वाचून तुमचा नवरा खूश झाला असेल. त्यानं इतक्यात टाळी वाजवू नये.

रसायनामुळे झालं, हे शंभर टक्के बरोबर आहे. झुरिकच्या संशोधकांनी १९९८ मध्ये दाखवलं की केटॅन्सेरिन नावाचं औषध आधी दिलं तर सायलोसायबिनचा तो सगळा परिणाम अडतो, कारण मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनाच्या ज्या ग्राहीवर (रिसेप्टरवर) ते जाऊन बसतं ती जागा आधीच भरलेली असते. पण यातून वाट कळली, एवढंच. तुमच्या खिडकीतून दिसणारं झाडही मेंदूतल्या रसायनांशिवाय दिसत नाही. डोळे तपासायला डॉक्टरांनी थेंब घातले की ते अंधूक होतं, म्हणून झाड हा रसायनाचा खेळ ठरत नाही. सकाळच्या कॉफीनंतर सुटलेलं गणित कॉफीमुळे चूक ठरत नाही. कॉफीमुळे बरोबरही ठरत नाही. ते पुन्हा मांडून बघावं लागतं. विचार कुठून आला ही एक चौकशी आणि तो टिकतो का ही दुसरी. ‘रसायनाचा खेळ’ म्हणणारा माणूस पहिल्या चौकशीचं उत्तर देऊन दुसरी गुंडाळून टाकतो. विवेकवादाच्या नावाखाली चालणारा हा आळस आहे, आणि तो मला बुवाबाजीइतकाच खटकतो.

तेव्हा पुन्हा मांडून बघू.

तुमचा पहिला निष्कर्ष, ‘मी’ असं काही वेगळं नाही. यात मला बराच दम वाटतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात २०१२ साली सायलोसायबिन दिलेल्या माणसांच्या मेंदूचं चित्रण केलं, तेव्हा सगळा मेंदू पेटून उठलेला दिसेल अशी कुणाचीही अपेक्षा असणार. दिसलं उलटंच. स्वतःविषयीच्या विचारांशी ज्यांचा संबंध जोडला जातो अशा काही मध्यवर्ती भागांतला रक्तप्रवाह कमी झाला होता. याचा नेमका अर्थ काय, यावर तज्ज्ञांचे वाद चालू आहेत. पण त्याहून साधी एक नोंद आहे. स्वित्झर्लंडमध्ये ओलाफ ब्लांके आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये फिट्सच्या उपचारासाठी एका बाईंच्या मेंदूच्या उजव्या बाजूला एका ठिकाणी सौम्य विद्युतप्रवाह दिला, तर त्यांना आपण वर तरंगतोय आणि खाली पलंगावर आपलंच शरीर पडलंय असं दिसलं. म्हणजे ‘मी इथं आहे, या कातडीच्या आत’ ही आपली रोजची, कधी प्रश्नच न पडणारी जाणीव मेंदूनं बांधलेली असते, आणि बांधलेलं सुटू शकतं. हे तुम्हाला वाचून जेवढं कळलं नसतं तेवढं त्या दुपारी कळलं. ते तुमचं आहे, ठेवा.

पुढची उडी मात्र बघा: ‘म्हणून विश्वात सगळं एकच आहे.’ नकाशावरची हद्दीची रेघ खोडली म्हणून हद्दीवरची नदी आटत नाही. तुमच्या मेंदूनं आपपर भेद करणं काही तास थांबवलं, याचा अनुभव तुम्हाला आला. जगात भेद नाहीत, याचा नाही. ते कदाचित असेलही. आपल्याकडे अद्वैताचा विचार शेकडो वर्षं झाला, आणि तो करणाऱ्यांनी वाद घालून, पूर्वपक्ष-उत्तरपक्ष मांडून केला. ‘मला दिसलं’ एवढ्यावर त्यांनीही भागवलं नाही.

आणि ‘ते प्रेमानं भरलेलं आहे’? हे विधान तपासायचं कसं, हेच मला उमगत नाही. जगाविषयीची माहिती म्हणून मी ते घेणार नाही. पण तुम्ही यापुढं कसं वागायचं याविषयीची ओढ म्हणून घ्याल, तर त्याची परीक्षा अगदी सोपी आहे आणि ती घरातच होते. तीन महिन्यांत मुलीवर खेकसणं कमी झालं का? सासूबाईंचा फोन आला की पूर्वीसारखंच होतं का? नवऱ्याचं बोलणं मधेच तोडता का? त्याला विचारा. या बाबतीत त्याची साक्ष तुमच्या खात्रीपेक्षा जास्त धरली जाईल.

अनुभवाला रंग कुठून येतो, हेही या ओघात सांगते. मेक्सिकोतल्या वाहाका राज्यात वाउत्ला नावाचं डोंगरातलं गाव आहे. तिथल्या मासातेक समाजातल्या मारिया साबिना मशरूम घेऊन रात्रभराचे विधी करत. १९५५ साली गॉर्डन वॉसन हा न्यूयॉर्कचा बँकर त्यांच्याकडे बसला आणि दोन वर्षांनी त्यानं ते एका मोठ्या अमेरिकी साप्ताहिकात छापलं. मग परक्या तरुणांची रीघ लागली. मारिया साबिनांना त्याचं नवल वाटे, कारण त्यांच्याकडे मशरूम घेत ते आजारी माणसाला काय झालंय हे शोधायला आणि त्याला बरं करायला. ही मंडळी धडधाकट, आणि आली होती देव शोधायला! गाव वैतागलं, मारिया साबिनांचं घर जाळलं गेलं. पदार्थ तोच, पण त्यांना रोग्याचं दुखणं दिसे, परक्यांना देव. तुम्हाला नाशिकची आई दिसली, मराठीत बोलणारी. आत जे घेऊन जावं ते भेटतं.

आईविषयी मला नीट लिहायचंय, कारण तुमच्या पत्राचा खरा विषय मला विश्व वाटत नाही, आई वाटते.

वेल्समधले एक डॉक्टर, डेवी रीस, यांनी १९७१ साली आपल्या भागातल्या २९३ विधवा-विधुरांशी बोलून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना गेलेला जोडीदार जवळ असल्याचं जाणवलं होतं. काहींना तो दिसला होता, काहींनी त्याचा आवाज ऐकला होता. त्यांनी काहीही घेतलेलं नव्हतं. ही माणसं वेडी नव्हती, आणि बहुतेकांना त्या सोबतीचा आधारच वाटला होता. तरी त्यांतल्या बऱ्याच जणांनी रीस यांनी विचारेपर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं. तुमच्यासारखंच.

आई खरोखर आली होती का? एक गोष्ट विचारून बघा: तुम्हाला माहीत नसलेलं, पण नंतर पडताळून पाहता येईल असं ती काही बोलली का? पत्रात तरी तसं काही नाही. ती जे बोलली ते ती जन्मभर बोलत आली असणार. माणूस पंचवीस-तीस वर्षं जवळ राहिलं की ते कशावर काय म्हणेल, कुठल्या सुरात म्हणेल, कुठं थांबेल, हे आपल्यात पक्कं वस्तीला येतं. तिकडच्या बाजारात जास्त पैसे देऊन शिळी कोथिंबीर घेताना तुम्हाला आजही तिचा शेरा ऐकू येत असेल. त्या दुपारी तोच आवाज पूर्ण ताकदीनं बोलला, असं मी मानते. ती कुठंतरी आहे याचा हा पुरावा नव्हे. ती कुठंच नाही याचाही नव्हे. तो प्रश्न ट्रफलनं सुटायचा नाही. पण तुम्हाला धीर मिळाला तो खरा आहे आणि त्यासाठी पुराव्याची गरज नाही.

मला जास्त काळजी वाटली ती दुसऱ्याच वाक्याची. अंत्यसंस्कार फोनवर पाहिले आणि दुसऱ्या दिवशी कामाला बसले, हे तुम्ही जाता जाता लिहून टाकलंत. त्यानंतर आईसाठी कधी बसून रडलात का? सुतक, दहावा, माणसांचं येणं-जाणं, त्याच त्या आठवणी पुन्हा पुन्हा सांगणं, यातलं काहीच तुमच्या वाट्याला आलं नाही. बाबा विवेकवादी, म्हणून घरी विधी झाले नसतील. पण चार माणसं जमून बोलणं हा विधी विवेकवाद्यांच्या घरीही होतोच. तुमचं तेवढंही राहिलं. राहिलेलं दुःख वाट काढतं. ते ट्रफलमधून आलं म्हणून हलकं होत नाही, आणि आयावास्कातून ते पुढं सरकेल असंही मला वाटत नाही. एखादी चांगली समुपदेशक बघा, शक्यतो मराठी किंवा निदान हिंदी बोलणारी. आईविषयी परक्या भाषेत बोलताना माणूस फार शहाण्यासारखं बोलतं.

देवळात घुमणाऱ्या बायकांमध्ये नि तुमच्यात फरक काय, याचं माझं उत्तर तुम्हाला आवडणार नाही: फारसा नाही. ढोल, जागरण, उपास, गर्दी यांनी तिचंही ‘मी’ सुटतं. एरवी जिचं कुणी ऐकत नाही, तिचं त्या वेळी सासरचे हात जोडून ऐकतात. आणि तुमच्यासारखाच तिलाही आधार मिळतो. बाझलमधल्या त्या पदवीधर शास्त्रज्ञालाही आपल्या अंगात कुणीतरी शिरलंय असंच वाटलं होतं की! तिचं ते अंधश्रद्धा आणि तुमचं ते चेतनेचा विस्तार, असं म्हणायचं असेल तर तो फरक पगाराचा आहे.

बाबांना हे तुमच्याआधी कळलेलं असणार. महाराष्ट्राचा २०१३चा जादूटोणाविरोधी कायदा काढून बघा. ज्या चळवळीत त्यांनी आयुष्य घातलं तिचं ते फळ आहे, आणि डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर काही दिवसांत तो अध्यादेश म्हणून आला. त्या कायद्यानं अंगात येणं हा गुन्हा ठरवलेला नाही. अतींद्रिय शक्ती अंगात संचारल्याचा आभास निर्माण करून दुसऱ्याच्या मनात भीती घालणं, धमकावणं, हा गुन्हा आहे. चमत्कार करून दाखवून लोकांना फसवणं आणि पैसे उकळणं, हा गुन्हा आहे. अनुभव येणाऱ्या बाईशी बाबांचं भांडण नव्हतं. तिच्या अनुभवावर दुकान थाटणाऱ्याशी होतं.

म्हणजे आपण शिबिरवाल्या बाईंपाशी आलो. ‘शंका म्हणजे तुझा अहंकार’ हे वाक्य जिथं ऐकू येईल तिथून पाकीट सांभाळत बाहेर पडावं, असं माझं स्पष्ट मत आहे. या वाक्याला उत्तरच नाही. मान्य केलंत तर त्या बरोबर, नाही केलंत तर तुमचा अहंकार, म्हणजे पुन्हा त्याच बरोबर. अशा अनुभवानंतर काही काळ माणूस हळवा असतो आणि दुसऱ्याचं म्हणणं चटकन मनावर घेतो. तेव्हा त्याला कुणी जपतं की पुढची तारीख देतं, यावरून त्या माणसाची पारख होते.

‘बोलावण्या’बद्दल एक जुनी हकिकत सांगते. १९६२च्या गुड फ्रायडेला वॉल्टर पानके यांनी बोस्टन विद्यापीठाच्या चॅपेलमध्ये धर्मशास्त्राच्या २० विद्यार्थ्यांवर प्रयोग केला. दहांना सायलोसायबिन, दहांना नुसतीच अंगाची लाही करणारं निकोटिनिक ॲसिड. सायलोसायबिनवाल्यांपैकी बहुतेकांना खोल धार्मिक अनुभव आला आणि प्रयोग गाजला. पुढं १९९१ मध्ये रिक डॉब्लिन यांनी त्या विद्यार्थ्यांना गाठलं, तेव्हा मूळ अहवालात नसलेली एक गोष्ट कळली. एका विद्यार्थ्याला, नव्या युगाची वार्ता जगाला सांगायला देवानं आपल्यालाच निवडलंय, अशी खात्री पटली होती. तो चॅपेलबाहेर पडला. शेवटी त्याला धरून गुंगीचं इंजेक्शन द्यावं लागलं. बोलावणं त्यालाही आलं होतं. आणि हे अशा द्रव्यांचा फायदा मानणाऱ्या माणसानं शोधून छापलंय, म्हणून मला ते अधिक मोलाचं वाटतं. २००६च्या जॉन्स हॉपकिन्समधल्या प्रयोगाचंही असंच. ३६ जणांपैकी सुमारे दोन तृतीयांश लोकांनी तो आयुष्यातल्या सर्वांत अर्थपूर्ण पाच अनुभवांत धरला, हे सगळ्या शिबिरांच्या माहितीपत्रकांत असतं. निवडून, पारखून घेतलेल्या त्याच माणसांपैकी सुमारे एक तृतीयांश लोकांना सत्रात कधी ना कधी तीव्र भीतीनं घेरलं होतं, हे तिथं सहसा नसतं.

आयावास्काला माझं ‘नको’ आहे. त्यातली एक वनस्पती शरीरातल्या मोनोअमाइन ऑक्सिडेझ या एन्झाइमला अडवते. नैराश्यावरची बरीचशी औषधं चालू असताना ते घेणं जिवावर बेतू शकतं. शिवाय त्यातलं डीएमटी हे भास घडवणारं द्रव्य नेदरलँड्समध्ये बेकायदा आहे, आणि धार्मिक विधीसाठीसुद्धा सूट देता येणार नाही, असा निकाल तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये दिलाय. मार्गदर्शक बाईंनी हे तुम्हाला सांगितलं होतं का?

नोकरी वर्षभर सोडू नका. वर्षानंतरही हेच काम करावंसं वाटलं, तर मानसशास्त्राचा रीतसर अभ्यासक्रम करा. तोवर एखाद्या रुग्णाश्रमात शनिवारी जाऊन बसा. माणसांच्या दुःखाजवळ बसायची ओढ खरी असेल तर ती तिथंही टिकेल. आणि एक वही करा. डाव्या पानावर फक्त काय घडलं: काय दिसलं, काय ऐकलं, कुठं रडू आलं. उजव्या पानावर त्यावरून काय ठरवलंत. डावं पान बदलू नका. उजव्या पानावर वाटेल तेव्हा काट मारा.

भारतातून अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी थोडक्यात. सायलोसायबिन आणि एलएसडी दोन्ही १९८५च्या एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याखाली येतात. गोव्यात सगळेच घेतात, हा बचाव कोर्टात चालत नाही. एलएसडी म्हणून मिळालेल्या कागदाच्या तुकड्यावर नक्की काय आहे ते विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. बायपोलरसाठी लिथियम घेणाऱ्यांनी तर या वाटेला जाऊच नये, सायलोसायबिनबरोबर फिट्स आल्याच्या नोंदी आहेत. धोत्र्याचा प्रयोग कुणीही करू नये, त्यात दर्शन नसतं, भ्रम असतो आणि मरण असू शकतं. ज्यांना काहीच न घेता, इगतपुरीच्या विपश्यनेच्या दहा दिवसांच्या मौनात किंवा एखाद्या रात्री वारीच्या मुक्कामी असा अनुभव आला, त्यांनाही डाव्या-उजव्या पानाची वही उपयोगी पडेल. आणि अनुभवानंतर झोप उडाली, भीती बसली, आवाज थांबेनात, तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

राहता राहिले बाबा. फोनवर नका सांगू. डिसेंबरात नाशिकला जाताय असं लिहिलंत, तेव्हा निवांत बसा. सुरुवात ट्रफलपासून करू नका, आईपासून करा. मे महिन्यातल्या त्या दिवसांत ते एकटे होते. हॉस्पिटलात काय झालं, शेवटचं काय बोलली, घरी परत आल्यावर त्यांनी काय केलं, हे तुम्ही त्यांना कधी विचारलेलं नसणार आणि त्यांनीही आपणहून सांगितलेलं नसणार. ते झालं की तुमचं सांगा, डाव्या पानावरचं सगळं, आई काय म्हणाली तेही. अर्थ सांगायला जाऊ नका, त्यांनी विचारलं तरच. ट्रफलचं नाव गाळू नका, ते लगेच ओळखतील. काय घेतलं होतंस आणि पैसे किती लागले, हे दोन प्रश्न ते विचारतीलच. दोन्हींची खरी उत्तरं द्या.